पाळीचा ताप आणि शेवटचे अकरा मैल

हिवतापाचा माणूस एक दिवस मरायला टेकतो आणि दुसऱ्या दिवशी दोघांचे काम करतो. हे मला आधी कोणी सांगितले असते तर पुढचे बरेच टळले असते. माझ्यासारखा कोरड्या मुलखातला कोणी कामासाठी या झाडीत आला तर त्याच्या उपयोगी पडावे, म्हणून लिहितो आहे. मी पाचवीत शाळा सोडली. औषधातले मला काही कळत नाही. अंगावर जे आले तेवढेच सांगतो.

कोण, कुठला

माझे गाव साताऱ्याकडे, माणमध्ये. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो, त्यामुळे डासही फार नसतात. बाप लहानपणीच गेला. आई आणि मी मामाच्या घरी राहात होतो, मी मामाची मेंढरे राखायचो. गोंदियाच्या बाजूला जंगलाची मोजणी चालली आहे, साखळी ओढायला माणसे हवीत, असे कळले तेव्हा मी निघालो. मामा चारचौघांत म्हणाला, "जा. दिवाळीच्या आत मेंढरांमागं उभा दिसशील."

मालगुजाऱ्या, म्हणजे इकडच्या जमीनदाऱ्या, नुकत्याच गेल्या होत्या. मालगुजारांची जंगले सरकारात आली होती. त्यांची हद्द नव्याने चालायची, मोजायची आणि जागोजाग मुनारे, म्हणजे हद्दीचे दगडी खांब, बांधायचे, असे काम होते. पुढचा माणूस साखळीचे टोक धरून चालतो, साखळी ताणली की तिथे लोखंडी सुई खोवतो. मागचा तिथवर जाऊन ती सुई उपटून घेतो. पुन्हा साखळी, पुन्हा सुई. आमच्यात पुढे सोमा असायचा आणि मागे मी. सोमा इथल्याच जंगलातला, गोंड, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी त्याला सोमाभाऊ म्हणायचो. तो मला सातारकर म्हणायचा, मग सगळेच म्हणायला लागले.

होळीनंतर कोहमाऱ्याकडून निघालो होतो. वळणे धरून सगळी वाट सत्तर मैलांची. पावसात काम थांबले. भादव्याच्या शेवटी देवरीच्या पूर्वेला पुन्हा तंबू पडले, तेव्हा वीसएक मैल उरले होते. आमच्या साहेबांची एक रीत होती. जो शेवटच्या मुनाऱ्यावर स्वतःच्या पायांनी हजर असेल त्यालाच पुढच्या हंगामाला घ्यायचे. मधे जो पडला त्याचे नाव कमी, त्याला गावाकडचे तिकीट. कोहमाऱ्यापासून तीन माणसे अशी गेली होती. मला तिकीट नको होते.

पहिली थंडी

तंबू एका तलावाच्या कडेला होते. दुपारी उन्हात सुया मोजत उभा होतो आणि एकदम पाठीतून थंडी आली. ऊन तसेच होते, सगळ्यांचे सदरे घामाने भिजलेले होते आणि माझे दात वाजत होते. तंबूत जाऊन दोन घोंगड्या घेतल्या, त्यावर पोती घेतली, तरी खाट हलत होती. मग आग पेटल्यासारखा ताप. दिवस कलला तेव्हा घाम फुटला आणि सगळे ओसरले. रात्री मी पोटभर भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ठणठणीत. साखळी ओढली, शिवाय झाड तोडायलाही गेलो. तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला तीच थंडी.

सोमाने माझ्या कपाळाला हात लावला. "एकांतरा आहे गा तुले. एक दिस आड येते. आता परवा येईन, पाय."

"साहेबांला सांगू नगं."

"मी कायले सांगू? पन त्याईच्या डब्यात गोळ्या आहेत ना."

गोळ्या होत्या. पण गोळी मागायची म्हणजे ताप आहे हे सांगायचे, आणि सांगायचे म्हणजे नाव कमी. मी मागितली नाही. पाळीच्या दिवशी कपडे धुवायचे आहेत, तंबू राखायचा आहे, पायात काटा आहे, अशी कारणे काढली. सोमा माझ्या वाट्याच्या सुया गोळा करायचा. असे चार वेळा झाले. डावीकडे बरगडीखाली काहीतरी जड वाटायला लागले होते. त्याचा दोष मी जेवणाला दिला.

ताप चुकवणे

इथे एक समजूत आहे. पाळीच्या तापाला वेळ ठाऊक असते आणि जागाही ठाऊक असते. तो ठरल्या वेळी ठरल्या जागी येतो. माणूस त्या वेळी तिथे नसला तर ताप शोधून शोधून परत जातो. याला पाळी चुकवणे म्हणतात.

सोमाने मला ते नीट समजावले. "दुपार व्हाच्या आंदी निंघाचं. एक नाला ओलांडाचा. मांगं पाहाचं नाई. आन् कुठं जाऊन रायलो ते कोनाले सांगाचं नाई, मलेबी नोको सांगू. तापानं आयकलं तं तो मांगं येते."

"तू चुकवलाय कवा?"

"माह्या बापानं चुकवला होता," तो म्हणाला आणि चिलीम भरायला लागला.

मी हसलो नाही. आमच्या गावाकडे गुरांच्या रोगाला वेशीबाहेर काढतात, त्यातलाच मी. पुढच्या पाळीला नाला ओलांडून अर्धा कोस लांब एका आंब्याखाली जाऊन बसलो. ऊन उतरेपर्यंत बसलो. ताप आला नाही. खरेच आला नाही. परतताना मी गाणे म्हणत आलो.

पुढे डॉक्टरांनी सांगितले की ताप कधीकधी एखादी पाळी आपणच सोडतो. तेव्हा हे ठाऊक नव्हते. त्या आंब्याखालच्या दुपारीने माझे जितके नुकसान केले तितके तापाने केले नाही.

पुढच्या पाळीला जास्त लांब गेलो. तोवर अकरा मैल उरले होते. पुढची हद्द धानाच्या बांधांवरून जात होती आणि उभ्या धानातून कोणी साखळी ओढू देत नाही, म्हणून काम दोन दिवस सैल होते. कोणालाच न सांगता निघालो. दोन नाले ओलांडले. दुसऱ्या नाल्यापलीकडे खाली बसलो आणि त्याने मला तिथेच गाठले. या वेळची थंडी आधीसारखी नव्हती. वर सागाची पाने दिसत होती, मग ती दिसेनाशी झाली. हाक मारली असती तर ऐकायला कोणी नव्हते. कुठे जातोय ते कोणाला सांगायचे नाही, हे मी अगदी बरोबर पाळले होते.

तुरजाबाई

मला गवत कापायला आलेल्या एका बाईने पाहिले. तुरजाबाई तिचे नाव. जवळच्या टोल्यावरची, स्वतःची धानाची शेती असलेली. टोला म्हणजे इथली पाचदहा घरांची वस्ती. तिने आणि तिच्या दिराने मला बैलबंडीत घालून घरी नेले. शुद्ध आली तेव्हा ती पेजेची वाटी घेऊन उभी होती.

"कोनाचा आहेस गा? आन् त्या नाल्यात काऊन पडून होतास?"

मी खरे सांगितले. ती वाटी खाली ठेवून हसायला लागली.

"आयकलंस का वो," ती शेजारणीला म्हणाली, "हा तापाले फसवाले गेला होता. तापानं सोता याले बोलावून नेलं." मग माझ्याकडे वळली. "तुह्या मायले मालूम आहे?"

"न्हाई."

"मंग आता मी तुही माय. पी."

टोल्यावरचा एक म्हातारा येऊन माझ्या बरगडीखाली हात घालून गेला. पानथरी, म्हणजे डाव्या कुशीतली प्लीहा, वाढली आहे, विळा तापवून डाग दिला की बसेल, असे त्याचे मत पडले. विळा चुलीत गेलासुद्धा. तुरजाबाईने तो चिमट्याने बाहेर काढला. "माह्या धन्याले असाच डागला होता, बुवा. पानथरी होती तशीच रायली, वरून जखम चिघळली. परक्या मायचं लेकरू आहे, मी डागू देनार नाई." म्हातारा रागावून गेला. दुसऱ्या सकाळी तिच्या दिराने मला देवरीला नेऊन लाकडाच्या लॉरीत बसवले आणि ड्रायव्हरला सांगितले, गोंदियाच्या दवाखान्याच्या दारात उतरव, बाजारात नाही.

मी तिला काही देऊ शकलो नाही. तिने काही मागितले नाही.

काचेवरचा थेंब

दवाखान्यात बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. दुपारी डॉक्टर आले. त्यांनी मला आडवे करून डावीकडे पोट दाबले. बोटे बरगडीपासून खाली खाली सरकत बेंबीच्या जवळ आली तेव्हा थांबली.

"इथपर्यंत तुमची पानथरी आहे. किती दिवस ताप अंगावर काढला?"

"पंधरावीस दिस."

"गोळ्या नव्हत्या तिथे?"

"होत्या."

त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. चिठ्ठीवर लिहिताना एवढेच म्हणाले, की आणखी थोडे दिवस काढले असते तर काय झाले असते ते सांगता येत नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर बरे वाटले असते.

कंपाउंडर हिंदी बोलणारे होते. त्यांना सगळी हकिकत कळली होती. औषधाचा पेला पुढे करत म्हणाले, "क्यों सातारकर, बुखार को चकमा देने निकले थे? लो, अब इसको चकमा देके दिखाओ." पेल्यात कोयनेल, म्हणजे क्विनीन होते. इतके कडू मी आयुष्यात काही प्यायलो नाही. पहाटे एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. दोन दिवसांनी कानात रातकिडे ओरडायला लागले. मला वाटले बहिरा होणार. शेजारच्या खाटेवर राइस मिलमधला एक हमाल होता. तो म्हणाला, "वो आवाज आता है तो समझो दवा लग रही है." मग मला त्या आवाजाचा आधार वाटायला लागला. आवाज थांबला की भीती वाटायची.

दिवस सगळे सारखे. सकाळी फरशी धुतात, मग काचेच्या नळीने ताप बघतात, मग दूध, मग कोयनेल. पाळीच्या दिवशी मी सकाळपासून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचो. पहिल्या आठवड्यात ताप दोनदा आला, दुसऱ्या वेळी थोडाच. मरणाची भीती मला फार वाटली नाही, खोटे कशाला लिहू. भीती वाटायची ती तिकिटाची.

घरचे पत्र

मी आईला चार ओळी लिहिल्या. ताप आला होता, आता बरा आहे, काळजी नको. आईला वाचता येत नाही. उत्तर मामाच्या अक्षरात आले. "झाले तेवढे पुरे. तुझी आई जेवत नाही. तिला मारायची नसेल तर निघून ये. मेंढरे आहेतच."

आई जेवत नाही हे खरे असणार. मामा ते वापरतो आहे हेही खरे. दोन दिवस मी ते पत्र उशीखाली ठेवले. मग उत्तर लिहिले, की डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटले आहे. हे खोटे होते. आईशी मी आजवर जे खोटे बोललो त्यातले हे एक अजून मनात राहिले आहे.

सोमा आणि साहेब

तुरजाबाईच्या दिराने तंबूवर निरोप पोचवला होता, म्हणून सोमा एका लॉरीवर बसून भेटायला आला. खाटेजवळ उकिडवा बसला.

"दोन दिस धुंडलो तुले," तो म्हणाला. "मी सांगतलो नसतो तं तू गेला नसतास."

"तुझ्यामुळं न्हाई, सोमाभाऊ. मला जायाचंच हुतं."

"साहेब पुसत होते. मी सांगून देल्लो सारं."

मी डोळे मिटून घेतले. झाले, म्हटले.

चार दिवसांनी साहेब स्वतः आले. त्यांचे गोंदियात काम होते. टोपी काढून खाटेच्या कडेला बसले. मोजक्या शब्दांत बोलणारा माणूस.

"माझ्या डब्यात गोळ्या होत्या. का मागितल्या नाहीस?"

"नाव कमी कराल म्हणून."

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "केलं असतं," ते म्हणाले. "मी केलं असतं, हे खरं आहे."

मग म्हणाले, धान कापणीला अजून तीनेक आठवडे आहेत, तोवर मागचे मुनारे बांधून घेतो. कार्तिकात उरलेले अकरा मैल ओढायचे. "तुझं नाव मी अजून कमी केलेलं नाही. डॉक्टरांनी सोडलं तर ये. पण चालत. बंडीत बसून हद्द मोजत नाहीत. आणि गोळी माझ्यासमोर."

फुलचूर

डॉक्टरांनी सोडले, पण एका अटीवर. गोळ्या चालू ठेवायच्या, ताप येवो न येवो. "ताप नाही त्या दिवशीच गोळी महत्त्वाची," हे त्यांचे शब्द. वाचणाऱ्याने एवढे एक लक्षात ठेवले तरी माझे लिहिणे वाया गेले नाही.

कंपाउंडर गोंदियाजवळच्या फुलचूरला राहात. त्यांनी मला आपल्या ओसरीत जागा दिली. "किराया? किराया ये, कि रोज पैदल दवाखाने आना," ते म्हणाले. पहिल्या दिवशी फुलचूरहून दवाखान्यापर्यंत मी पाच वेळा बसलो. वाटेतल्या एका पानवाल्याने माझा वेग बघून थट्टेने विचारले, गाव सोडून पळून चालला आहेस काय. दहाव्या दिवशी एकदाही बसलो नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळे पडत होते. मी ते पिकण्याची वाट बघत होतो आणि घाबरतही होतो.

अकरा मैल

कार्तिकात पहाटे दव पडते आणि चांगली थंडी असते. तिथेच माझे हाल झाले. प्रत्येक शहाऱ्याला वाटायचे, हीच ती. मी शेजाऱ्याला विचारायचो, "गार हाय ना रं?" तो हो म्हणाला की जीव भांड्यात पडायचा. शेवटी सोमा वैतागला. "अरे बाप्पा, साऱ्या गावाले थंडी वाजून रायली. तू काय एकटाच कातडीचा आहेस?"

रोज तीन मैलांच्या आत धरून चार दिवसांत काम संपवायचे होते. पहिला दिवस कापलेल्या बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, कडेने गेला. धानाच्या पेंढ्या पडलेल्या, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चालताना पाय घसरायचे. माझे पाय काडीसारखे झाले होते, पण चालले. संध्याकाळी साहेबांसमोर गोळी गिळली. दुसऱ्या दिवशी जंगल लागले; ती पाळी मी कोणाला न सांगता काढली, ताप आला नाही. तिसऱ्या दिवशी चढ लागला आणि डाव्या कुशीत दुखायला लागले. मी सोमाला ओरडून सांगितले, "थांब." आधीच्या महिन्यात मी हे ओरडलो नसतो. तो थांबला, सगळे थांबले.

चौथा दिवस माझ्या हिशेबाने पुन्हा पाळीचा होता. सकाळीच मी साहेबांना सांगितले. "आज माझी पाळी हाय. दुपारी."

दुपार जवळ आली तेव्हा दीड मैल उरला होता. साहेबांनी घड्याळ पाहिले आणि साखळी खाली ठेवायला सांगितली. एका मोहाच्या झाडाखाली सगळे बसलो. आठ माणसे मला ताप येतो का ते बघत बसली होती. मला लाज वाटली. तेवढ्यात साहेब बाकीच्यांकडे वळले.

"आणखी कोणाकोणाची पाळी आहे? आज, काल, उद्या. नाव कमी होणार नाही. बोला."

मग सोमा जमिनीकडे पाहात म्हणाला, "माही काल होती, साहेब."

"केव्हापासून?"

"पानी पडला तव्हापासून."

म्हणजे माझ्या सुया गोळा करणारा, मला वाट दाखवणारा हा माणूस एक दिवसाआड स्वतः तापत होता आणि कुठल्या कुठल्या नाल्यापलीकडे जाऊन बसत होता. माझ्या बऱ्या दिवशी दुपारी तो 'पुढची वाट पाहून येतो' म्हणून निघून जायचा, कालही गेला होता, ते आता उमगले. त्याचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मला तेव्हा कळले. त्याच्यामागोमाग आणखी दोघे बोलले. साहेबांनी डबा उघडला. सोमाने गोळी तोंडात टाकली, चावली आणि असे तोंड केले की सगळे हसले. "चावाची नसते, सोमाभाऊ," मी त्याच्याच बोलीत म्हणालो.

वेळ येऊन गेली. ताप आला नाही. आणखी थोडा वेळ बसलो, खात्रीसाठी. मग उठलो.

शेवटचा दीड मैल सरळ चढाचा होता. मी तीनदा बसलो, सोमा दोनदा. टेकडीच्या माथ्यावर दगड रचून ठेवलेले होते, पलीकडे छत्तीसगढ. दिवस मावळायच्या थोडे आधी मी शेवटची सुई उपटली.

साहेबांनी तिथेच वही काढली आणि उभ्याने हजेरी घेतली. आधी सोमाचे नाव घेतले. चौथे माझे होते. मी हजर म्हणालो, पण चढाने दम लागला होता, आवाज नीट निघाला नाही. साहेबांनी वहीतून वर पाहिले आणि नाव पुन्हा घेतले. मी श्वास घेतला आणि मोठ्याने म्हणालो, "हजर."